टँक तयार नव्हता, वाळू आली

समुद्री माशांच्या टँकसाठीच्या लाइव्ह सँडची, म्हणजे जिवंत जिवाणू असलेल्या वाळूची, पिशवी घरी आली ती नेमकी गणेश चवथीच्या तोंडावर. टँकचं स्टँड अजून सुताराकडे. त्याला फोन लावला तर उत्तर ठरलेलं: ‘चवथ झाल्यावर बघूया.’ फोंड्यात यावर कुणी वाद घालत नाही.

या वाळूचे दाणे अ‍ॅरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पण पैसे मोजायचे ते दाण्यांना चिकटलेल्या जिवाणूंसाठी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून निघणाऱ्या अमोनियाचं हेच जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना ऑक्सिजन लागतो. बंद पिशवी उकाड्यात पडून राहिली तर ते मरायला लागतात आणि सडून उलट अमोनियाच वाढवतात. अंडं नासल्यासारखा वास आला तर समजायचं, आत हवा उरलेली नाही. माझ्या पिशवीला नुसता समुद्राचा वास होता. हायसं वाटलं.

खोल बादलीऐवजी पसरट टब घेतला, कारण वाळूचा थर जाड झाला की तळापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. आरओ फिल्टरच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ घालून आदल्या रात्रीपासून पंपाने ढवळत ठेवलं होतं. घनता 1.025 भरल्यावरच त्यात वाळू सोडली. न धुता. नळाखाली धरली असती तर क्लोरीनने आणि गोड पाण्याने अर्धं काम तिथेच आटोपलं असतं.

खरी कसरत एअर पंपाची. तो खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि चवथीत आमच्या खोलीत धूप, कापूर, संध्याकाळी वर डासांची अगरबत्ती. म्हणून पंप मागच्या खिडकीच्या चौकटीवर नेला आणि लांब नळी टबापर्यंत आणली. माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळं-भाज्यांचं छत, बांधताना आईचा पाय त्या नळीत अडकला. ‘वाळूलासुद्धा श्वास लागतो का रे तुझ्या?’ हो म्हटलं, लागतो. लाइट गेली की बॅटरीवरचा छोटा पंप लावायचा, हे काम भाचीकडे दिलं होतं आणि तिने ते चोख केलं.

अधूनमधून चिमूटभर फिश फूड चुरून टाकायचो, जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून. टबातलं पाणी आटलं की भर आरओच्या गोड पाण्याची, कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं.

‘मिरामारची आणायची ना, फुकट!’ असं सांगणारे पाहुणेही भेटलेच. मिरामार हा पणजीचा किनारा, मांडवी नदीच्या मुखाशी. पावसाळ्यात तिथे नदीचं गोड, गढूळ पाणी येतं. त्या पाण्याबरोबर काय काय वाहून येतं, त्याचा भरवसा नाही. शिवाय किनाऱ्याची वाळू घरी नेण्याची वस्तू नव्हे.

स्टँड आल्यावर टँक मिठाच्या पाण्याने निम्मा भरला, पंप बंद केले आणि पीव्हीसी पाइपातून वाळू थेट तळाशी सोडली. थर दोन इंचांच्या आतच ठेवला. पाणी पेजेसारखं झालं, पण फिल्टर चालू ठेवल्यावर निवळलं. अमोनिया थोडा चढून उतरला. नायट्राइट अजून आहे. ते शून्यावर आल्याशिवाय मासा नाही. क्लाउनफिश मडगावात बघायचे की मुंबईहून मागवायचे, यावर भाचीचं आणि माझं अजून जुळलेलं नाही.