बाबांचं हॉलपॅक आणि 205 टनांचा डंपर

आमच्या चंद्रपूरकडे खाणीतल्या मोठ्या डंपरला जुनी माणसं अजूनही हॉलपॅकच म्हणतात. मुळात ते एका अमेरिकन डंपरच्या ब्रँडचं नाव, पण जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे तसंच हे, गाडी कोणाचीही असो, हॉलपॅक. माझे बाबा 32 वर्षं वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत, डंपर ऑपरेटर होते, सुरुवात 35 टनीवर, मग 60 टनी, आणि रिटायर झाले तेव्हा 100 टनीवर. आणि या तिन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, बीईएमएल, म्हणजे भारत अर्थ मूव्हर्स. बाबा 'बेमल' म्हणतात, आमच्या घरात हे नाव एखाद्या नातेवाइकासारखं घेतलं जायचं.

मागच्या आठवड्यात त्यांना मोबाईलवर बीएच 205-ई चा व्हिडिओ दाखवला. बीईएमएलचा इलेक्ट्रिक ड्राइव्ह डंपर, नावातले 205 हे अमेरिकन टन, आपल्या हिशोबात 190 टनांच्या आसपास माल एका ट्रिपमध्ये. मला वाटलं हॉर्सपॉवर विचारतील, टायर केवढे ते विचारतील, पण पहिला प्रश्न आला, "याचा रिटार्डर कसा हाय रे?"

रिटार्डर म्हणजे उतारावर गाडीचा वेग आवरून धरणारी यंत्रणा, हा प्रश्न फक्त ऑपरेटरच विचारू शकतो. चढावर गाडी ओढायचं काम इंजिन करतं, पण उतारावर एवढं वजन सांभाळणं ही खरी परीक्षा. बाबांच्या गाड्या मेकॅनिकल ड्राइव्हच्या, म्हणजे इंजिन, टॉर्क कन्व्हर्टर, गिअर, शाफ्ट आणि मग चाक. उतारावर रिटार्डरचा दांडा ओढायचा, तेलात बुडालेल्या ब्रेकच्या चकत्या गाडी धरून ठेवतात, तेल तापत जातं, आणि ऑपरेटरचा एक डोळा हॉल रोडवर, म्हणजे डंपरच्या ये-जा करायच्या रस्त्यावर, आणि एक त्या तापमानाच्या काट्यावर. पावसाळ्यात नाइट शिफ्टला काळ्या चिखलाच्या रोडवरून उतरताना ते दोन्ही हातांनी स्टेअरिंग असं धरायचे की घरी आल्यावर चहाचा कप धरताना बोटं पूर्ण उघडायची नाहीत. मी लहानपणी ती बोटं दाबून दिलेली आहेत.

इलेक्ट्रिक ड्राइव्हमध्ये डिझेल इंजिन थेट चाक फिरवतच नाही, ते अल्टरनेटर फिरवतं, त्यातून तयार झालेली वीज मागच्या चाकांमधल्या मोटरांना जाते. आणि उतारावर त्याच मोटरा उलटं काम करतात, जनरेटर होतात, त्यामुळे चाकाला आपोआप अडवणूक बसते आणि तयार झालेली वीज वर लावलेल्या रेझिस्टरच्या जाळीत जाऊन उष्णता बनून निघून जाते, पंखा ती हवेत फेकतो. ब्रेक घासतच नाही म्हणा ना, तो अगदी कमी वेगात किंवा गाडी उभी करायलाच लागतो. हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तेल तापाचा प्रश्नच नाही." त्यांच्या आयुष्यातली किती काळजी त्या एका वाक्यात होती ते मला माहीत आहे.

बीईएमएलची सुरुवात 1964 च्या मे महिन्यातली, संरक्षण मंत्रालयाखालची सरकारी कंपनी, 1965 च्या जानेवारीपासून काम सुरू. कर्नाटकात कोलार गोल्ड फील्ड्सला, म्हणजे केजीएफला कारखाना, तिथे बुलडोझर आणि एक्स्कॅव्हेटर बनतात, डंपर नंतर म्हैसूरला बनायला लागले. केजीएफच्या सोन्याच्या खाणी, तीन किलोमीटरपेक्षा खोल गेलेल्या, 2001 साली बंद पडल्या, हजारो घरांची चूल त्यांवर होती, पण त्याच गावात खाणीची मशिनं बनवणारा कारखाना चालू राहिला. मला ही गोष्ट फार लागते, कारण आमच्याकडेही एकेक खाण संपत चाललीय.

सुरुवातीला सगळं लायसन्सवर होतं. बुलडोझर जपानच्या कोमात्सुचं तंत्रज्ञान घेऊन, ड्रॉइंग त्यांची, हात आपले. तरी हे कमी लेखू नका, कारण ड्रॉइंग हातात असलं तरी ते पोलाद ओतणं, वेल्डिंग टिकवणं, गिअर कापणं हे शिकायला पिढी जाते. तिथून स्वतःच्या डिझाइनचा 150 टनी, मग 205 चा डंपर आणि 180 टन वजनाचा इलेक्ट्रिक एक्स्कॅव्हेटर बीई 1800-ई, हा प्रवास माझ्या मते खरी वाढ आहे, शेअरचा भाव नाही.

आणि याचा फायदा कुठे दिसतो तर वर्कशॉपमध्ये. बाबा सांगतात, एक बाहेरून आलेलं मशीन होतं, नाव नको, एका सीलसाठी अडीच महिने उभं होतं, त्यावर पावसात गवत उगवलं. बाबांच्या 100 टनीचं इंजिन मात्र पुण्याच्या कमिन्सचं, बाकीचा पार्ट म्हैसूरहून यायचा, मेकॅनिकला गाडी तोंडपाठ होती. खाणीत मशीन किती मोठं याच्याइतकंच ते किती दिवस उभं राहतं हे महत्त्वाचं असतं हो, आमच्या भागात एक टन कोळसा काढायला चार-चार घनमीटर ओबी, म्हणजे वरची माती-दगड, आधी उचलावी लागते, शॉवेल, म्हणजे डंपर भरणारं मशीन, चालू आणि डंपर उभे असं झालं की सगळी शिफ्ट वाया.

190 टनी सगळीकडे चालेल असं मात्र मला वाटत नाही. सिंगरौलीकडे कोळशाचे थर जाड, खाणी अफाट, रोड रुंद, तिथे तो शोभतो. आमच्याकडच्या खाणींना 60 आणि 100 टनीच बरे, आणि त्यात कंपनीने केबिन, एसी, सीट सुधारत नेलं तर तेही तितकंच मोठं काम आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात, 47 डिग्रीत, पत्र्याच्या केबिनमध्ये ओला पंचा डोक्याला बांधून बाबांनी शिफ्ट काढलेल्या आहेत.

मागे ताईकडे दहिसरला गेलो होतो तेव्हा मेट्रोत बसलो, 2 ए आणि 7 या लाइनींचे डबे बीईएमएलचेच आहेत, हे मी सांगितलं तर बाबा उतरताना डब्याच्या दाराजवळ थांबले, हाताने दोनदा थोपटलं, जसं शिफ्ट संपल्यावर गाडीच्या शिडीजवळ थोपटायचे.

तर तो 205 चा व्हिडिओ. त्यांनी तो चार वेळा बघितला. केबिन डाव्या बाजूला असते त्यामुळे उजवीकडचं ऑपरेटरला काहीच दिसत नाही, जीप असो की माणूस, हा खाणीतला जुना धोका. मी म्हटलं, बाबा आता कॅमेरे असतात, जवळ काही आलं की सेन्सर वाजतो. त्यांनी मान हलवली, मग व्हिडिओ मागे घेतला, गाडी उजवीकडे वळते तिथे थांबवला, आणि चष्मा वर करून कॅमेरा नेमका कुठे बसवलाय ते शोधायला लागले.