न सोडवलेल्या प्रश्नाचे तीन गुण

आठवीच्या वर्गात गणित शिकवताना पूर्णतः अंध असलेली विद्यार्थिनी प्रथमच माझ्यासमोर बसली, तेव्हा तिच्याविषयीचे माझे मत तिचे पहिले उत्तर ऐकण्यापूर्वीच तयार होते. ते मत कठोर असते, तर कदाचित मला लवकर खटकले असते. ते दयाळू होते. पहिल्या घटक चाचणीत त्रिकोणाच्या रचनेचा प्रश्न तिने सोडून दिला होता आणि मी त्याचे तीन गुण तिला तसेच देऊन टाकले. मैत्रिणीकडून उत्तरपत्रिका वाचून घेतल्यावर ती शिक्षक खोलीत आली आणि तिने विचारले, "बाई, मी लिहिलेच नाही, त्याचे गुण कसे आले?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

भूमिती तिला जमणार नाही, हे मी कशावरून ठरवले होते? आकृती फळ्यावर असते आणि फळा तिला दिसत नाही, एवढ्यावरूनच. वास्तविक रबरी पाटावर पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवून टोकदार कलमाने रेघ ओढली, तर ती वर उठते आणि बोटाला लागते. शिंप्याकडचे दातेरी चाक जाड कागदावर फिरवले तरी चालते, मात्र तेव्हा ठिपके मागच्या बाजूला उमटत असल्याने आकृती उलटी होते. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे लिहून कागद पालटून वाचणाऱ्या मुलीला या उलटेपणाचे काहीच अप्रूप नव्हते. गोंधळ होत होता तो माझा.

त्याहून मोठी दुरुस्ती माझ्या बोलण्यात करावी लागली. फळ्यावर लिहिताना "हे इकडे आले, ते तिकडे गेले" असे म्हणण्याची माझी जुनी सवय होती. आता प्रत्येक पायरी शब्दांत सांगणे भाग पडले, आणि मागच्या बाकावरची, डोळ्यांनी धडधाकट असलेली दोन-तीन मुलेही प्रश्न विचारू लागली.

परीक्षेत अंध विद्यार्थी सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहून देणाऱ्या लेखनिकाबाबतचा गैरसमज तर शिक्षकांमध्येही घट्ट रुजलेला आहे. "पेपर लेखनिकच सोडवतो" हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे (आणि एके काळी मान डोलावलीही आहे). असे म्हणणाऱ्याने वर्गसमीकरणाचे सूत्र एकदा दुसऱ्याला तोंडी सांगून लिहवून घ्यावे. "वजा ब अधिक-वजा वर्गमुळात ब वर्ग वजा चार अ क भागिले दोन अ" एवढे म्हटले, तर वर्गमूळ कोठे संपते आणि भागाकार कोणत्या पदांना लागू आहे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ती मुलगी "अंश सुरू, वर्गमूळ सुरू, वर्गमूळ पूर्ण, अंश पूर्ण, छेदात" असे सांगत जाते आणि संपूर्ण मांडणी डोक्यात धरून ठेवते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे, तो या कामासाठी; त्याला मेहेरबानी म्हणणे मला आता पटत नाही.

'दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६' हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि शासकीय व मान्यताप्राप्त शाळांवर भेदभावाविना प्रवेश देण्याची व गरजेनुसार सोयी पुरवण्याची जबाबदारी टाकली. मात्र सहानुभूतीपोटी वाटलेल्या गुणांवर कायद्याची नजर कशी पोहोचणार?

अंध मुलांच्या कुवतीवर कोणी आक्षेप घेतला की आपण लगेच मोठी उदाहरणे पुढे करतो. आंध्र प्रदेशातील श्रीकांत बोल्ला यांना अंध असल्यामुळे दहावीनंतर विज्ञान शाखा नाकारली गेली. ते न्यायालयात गेले आणि पुढे अमेरिकेतील एमआयटीत शिकले. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. ही उदाहरणे खरीच आहेत, पण ती वर्गात वारंवार सांगताना आपण नकळत नवी अट घालतो, की अंध मुलीने एक तर बिचारी असावे, नाही तर असामान्य. माझी विद्यार्थिनी गणितात मध्यम आहे, इतिहासाचा तिला कंटाळा आहे आणि गृहपाठ चुकवण्याच्या सबबी तिला उत्तम सुचतात.

नववीत तिने रबरी पाटावर त्रिकोणाची रचना स्वतः केली. एक कोन तीन अंशांनी चुकला होता, म्हणून मी अर्धा गुण कापला. चूक तुमच्या मोजण्यात आहे, असे मला म्हणत तिने बरीच हुज्जत घातली. उठावदार खुणांचा तिचा कोनमापक घेऊन आम्ही दोघींनी तो कोन पुन्हा मोजला, आणि अर्धा गुण कापलेलाच राहिला.