वाघ, ताड आणि वीस रुपये

"ताई, दुसरी द्या ना. ही कोणी घेत नाही हो."

भाजीवाल्या मावशींनी माझी विसाची नोट दोन बोटांत धरून परत केली. मेथीची जुडी एव्हाना पिशवीत गेली होती. पर्समध्ये दुसरी होती ती पाचशेची अख्खी नोट, आणि सकाळी आठला पाचशेचे सुट्टे मागायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नाही. शेवटी फोन काढला, गाडीला टांगलेल्या चौकटीवर धरला आणि सुटले.

नोट माझ्याबरोबर घरी आली. मागच्या बाजूला चिकटपट्टी होती, नेमकी वेरूळच्या मधोमध. या हिरवट-पिवळ्या नोटेवर वेरूळ आहे हे मी 2019 मध्ये, ती नवी आली तेव्हा, पेपरात वाचलं होतं. नोटेवर अर्थात 'एलोरा' छापलंय, पण आपलंच गाव म्हणून तेव्हा बरं वाटलं होतं. त्यानंतर अशा कितीतरी नोटा हातातून गेल्या, एकदाही उलटून बघितलं नाही. नोटेकडे आपण बघतो कुठे? रंग बघतो, आकडा बघतो. फार तर पाचशेची असली की उजेडाकडे धरून जाणकारासारखे डोळे बारीक करतो.

त्या दिवशी मात्र मी भिंग काढलं.

गव्हर्नरांच्या सहीपाशी शर्टाच्या गुंडीएवढी एक गोल मुद्रा असते. तिच्यात ताडाचं झाड आणि वाघ. रिझर्व्ह बँक 1935 साली सुरू झाली, तेव्हा मुद्रेसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेचा नमुना समोर होता. त्या मोहरेवर ताड होता आणि सिंह होता. वाघ जास्त भारतीय, म्हणून सिंहाला रजा मिळाली. इथवर सगळं सोपं होतं. पण सर जेम्स टेलर या बड्या अधिकाऱ्याच्या मनास येईल असा वाघ काही कोणाला काढता येईना. टेलरसाहेबांनी कलकत्त्याच्या बेल्व्हेडियर हवेलीच्या फाटकावर वाघाचा पुतळा होता त्याचे फोटो काढून आणवले, नाशिकच्या छापखान्याकडून नवी रेखाटनं मागवली, आणि तरीही एका पत्रात तक्रार केलीच. त्यांचं म्हणणं साधारण असं : एकाचं झाड ठीक आहे, पण वाघ कुत्र्याच्या जातीतला वाटतो, कुत्रा आणि झाड असं चित्र छापलं तर टवाळ लोक हसतील. दुसऱ्याचा वाघ छान, तर त्याच्या झाडानं घात केलाय, खोड फार लांब आणि फांद्या कोळ्याच्या पायांसारख्या.

मला त्या नाशिकच्या माणसाचं वाईट वाटतं. त्याने वाघ कुठे बघितला असणार? कुत्रे मात्र रोज दिसत असतील. साहेबाचा शेरा आला, कागद परत आला, पुन्हा पेन्सिल हातात, पुन्हा शेपूट. एवढं रामायण झालेला तो वाघ आज कोट्यवधी पाकिटांत बसलाय आणि आपण त्याला ओळखतही नाही. भिंगातून बघितलं तर आता तो बराच वाघासारखा दिसतो. बराच म्हणते, कारण त्या पत्राबद्दल कळल्यापासून माझी नजर जरा बिघडली आहे.

माझ्या लहानपणच्या नोटांवर वेगळंच जग होतं. पाच रुपयांवर शेत नांगरणारा ट्रॅक्टर. दोन रुपयांच्या मागे आर्यभट्ट उपग्रह. शंभराच्या एका नोटेवर हिराकुड धरण. आणि एक रुपयावर 'सागर सम्राट', मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हायच्या तेलासाठी ज्याने विहीर खणली तो तरंगता फलाट. एका रुपयात समुद्रातलं तेल! कोणार्कचं चाक तेव्हाही विसाच्या नोटेवर होतंच, नाही असं नाही. पण एकूण सूर 'आम्ही काय करणार आहोत बघा' असा होता. आता दहावर कोणार्क, विसावर वेरूळ, पन्नासवर हंपीचा रथ, शंभरावर गुजरातच्या पाटणची राणीची वाव ही पायविहीर, दोनशेवर सांची, पाचशेवर लाल किल्ला. सगळं देखणं, जपावं असं, पण सहलीचा कार्यक्रम वाटतो. मुक्कामासह. अपवाद होता तो दोन हजारावरच्या मंगळयानाचा, आणि 2023 मध्ये नेमकी तीच नोट परत घेतली. मला स्वतःला तो ट्रॅक्टर आवडायचा. त्यात घाम होता.

मागच्या बाजूच्या भाषांच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत. इंग्रजी वर्णक्रमाने लावल्यामुळे आपली मराठी आठवी येते, वर सात, खाली सात, अगदी घरच्या मधल्या सुनेसारखी. कोकणी तिच्यावर दोन ओळी. ओळीच्या शेवटी आपण 'रुपये' म्हणतो, कोकणी 'रुपया' म्हणते.

परवा फोन घरी विसरले. मावशींची नुकती गाडी लागली होती. शंभराची कोरी नोट दिली तशी त्यांनी ती आधी कपाळाला लावली, मग तराजूला, मग पुन्हा कपाळाला. भवानी होती. त्या दोन क्षणांत राणीची वाव, वाघ, ताड, गव्हर्नर सगळे बाजूला झाले. नोटेवर लक्ष्मी होती आणि ती कोणी छापलेली नव्हती. मग त्यांनी पोत्याखालून मोड काढली. तीन दहाच्या नोटा, दोन विसाच्या.

त्यातली एक विसाची फाटकी. मागे डाव्या कोपऱ्यात तो स्वच्छ भारतचा गांधीजींचा चष्मा असतो ना, बरोबर त्याच्यावरून चिकटपट्टी गेली होती, आमचे आजोबा मोडलेल्या काडीला लावायचे तशी.

"मावशी, ही दुसरी द्या ना."

"चालते हो ताई," त्या कोथिंबिरीवर पाणी मारत म्हणाल्या, "कुठेही चालते."