बर्फाविना पेंग्विन

भायखळ्याच्या राणीच्या बागेत काचेपलीकडचे पेंग्विन पाहताना माझ्या भाचीने विचारले, "मामा, यांचा बर्फ कुठे आहे?" २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आणलेले ते पक्षी हम्बोल्ट जातीचे, म्हणजे पेरू आणि चिलीच्या वाळवंटी किनाऱ्यावरचे. बर्फाशी त्यांचा संबंध नाही, एवढे मी तिला सांगितले. पण हे उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले.

पेंग्विनांच्या साधारण अठरा जातींपैकी मोजक्याच अंटार्क्टिकावर प्रजनन करतात. त्यांतला एम्परर सर्वांत मोठा: उंची एक मीटरहून अधिक आणि हिवाळ्याच्या तोंडावर नराचे वजन ४० किलोपर्यंत. विषुववृत्तावरचा गॅलापागोस पेंग्विन जेमतेम अर्धा मीटर उंच आणि अडीच किलोच्या आसपास असतो. शरीर जितके मोठे, तितका वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग कमी आणि उष्णतेची गळतीही कमी, हे स्पष्टीकरण बरोबर आहे. परंतु माझ्या मते खरा फरक आकारापेक्षा चेहऱ्यावर अधिक नेमका वाचता येतो.

हम्बोल्ट, आफ्रिकन आणि गॅलापागोस या एकाच गटातल्या पेंग्विनांच्या चोचीच्या मुळाशी आणि डोळ्यांभोवती पिसे नसलेली कातडी असते. ऊन तापले की तेथे रक्तपुरवठा वाढतो, कातडी गुलाबी दिसू लागते आणि शरीरातील उष्णता हवेत जाते. त्याशिवाय हे पक्षी चोच उघडून धापा टाकतात आणि वल्ह्यांसारखे पंख अंगापासून दूर धरून उभे राहतात. गॅलापागोस पेंग्विन तर पंखांची सावली स्वतःच्या पायांवर पाडतो. एम्परर नेमका उलट बांधलेला आहे. त्याची चोच आणि पंख शरीराच्या मानाने लहान असतात, पायांवरही खालपर्यंत पिसे असतात, आणि पायांत उतरणारे उष्ण रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच आपली ऊब देऊन टाकते.

मग उष्ण प्रदेशातल्या पेंग्विनांना दाट पिसे हवीत तरी कशाला? कारण त्यांचे अन्न ज्या समुद्रात आहे तो थंड आहे. पेरूच्या किनाऱ्याने हम्बोल्ट प्रवाह वाहतो, तर गॅलापागोसच्या फर्नांडिना आणि इसाबेला बेटांच्या पश्चिमेला क्रॉमवेल प्रवाहाचे थंड पाणी खोलातून वर येते आणि त्यासोबत लहान मासेही विपुल होतात. जमिनीवर उन्हाशी आणि पाण्यात गारठ्याशी, असा दुहेरी सामना या पक्ष्यांना रोज करावा लागतो. थंड पाण्यासोबत येणाऱ्या माशांवरच सारे अवलंबून असल्याने गॅलापागोस पेंग्विनाला विणीचा ठरावीक हंगाम नाही. मासे मिळतील तेव्हा तो अंडी घालतो. १९८२-८३ च्या एल निनोमध्ये, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापले तेव्हा, थंड पाणी वर येणे मंदावले, मासे नाहीसे झाले आणि या पेंग्विनांची संख्या सुमारे तीन चतुर्थांशांनी घटली. हवा तापली तरी ते बऱ्याच अंशी तग धरतात, पण समुद्र तापला की उपाशी मरतात. या विषयातले मला सर्वाधिक अस्वस्थ करणारे सत्य हेच आहे.

घरट्यांतही हाच भेद दिसतो. एम्परर घरटे बांधतच नाही. अंटार्क्टिकाच्या भर हिवाळ्यात नर एकुलते अंडे पावलांवर ठेवून, पोटाच्या घडीखाली झाकून, सुमारे दोन महिने उपाशी उभा राहतो आणि उबेसाठी शेकडो नर एकमेकांना खेटून राहतात. हम्बोल्टला मात्र अंड्यासाठी ऊब नव्हे, सावली शोधावी लागते. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे, म्हणजे ग्वानोचे, शतकानुशतके साचलेले थर पोखरून तो बीळ करीत असे. एकोणिसाव्या शतकात हा ग्वानो खत म्हणून जहाजे भरभरून युरोप-अमेरिकेला गेला, खाली उघडा खडक उरला, आणि अनेक जोड्यांना उन्हातच अंडी घालण्याची वेळ आली.