व्हेपवरचे रंगीत दिवे

ब्रिटनमधल्या लेस्टरमध्ये बसस्टॉपवर शाळकरी मुलांच्या मुठीतल्या व्हेपमधून, म्हणजे वाफ ओढायच्या ई-सिगारेटमधून, जांभळा, हिरवा, गुलाबी उजेड झिरपताना दिसतो आणि माझ्या पोटात गोळा येतो.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. फुटपाथवर टाकलेलं एक व्हेप उघडून पाहिलं. (आत लिथियमची बॅटरी असते, तुम्ही हा उद्योग करू नका.) झुरका ओढला की आतला दाब उतरतो, सेन्सरला ते कळतं, कॉइल म्हणजे तारेची गुंडाळी तापते, द्रवाची वाफ होते, दिवा लागतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या एलईडीत लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे. कोणता किती वेळ पेटवायचा हे चिप ठरवते आणि रंग सरकत राहतो.

सुरुवातीच्या ई-सिगारेटींच्या टोकाला निखाऱ्यासारखा दिवा असायचा. ते मला पटतं, सिगारेट सोडू पाहणाऱ्या मोठ्या माणसासाठी होतं. पण हे इंद्रधनुष्य कुणासाठी?

भारतात २०१९ पासून विक्रीच बंद आहे. ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून फक्त एकदाच वापरायची व्हेप बंद झाली. चार्ज होणारी अजून विकतात, दिव्यांसकट. हे दिवे सरळ काढून टाकायला लावावेत. त्यांच्यावाचून वाफेचं काहीच अडत नाही.