तुम्ही विचारलंत म्हणून : आजोबांची दुनळी कुणी घडवली आणि तिची किंमत किती?

‘घरात आजोबांच्या वेळची दुनळी बंदूक आहे, तिच्यावर इंग्रजी नाव कोरलेले आहे, ती कोणत्या कंपनीची असेल आणि आज तिचे किती येतील?’ जुन्या बंदुकांचा माझा अभ्यास ठाऊक असलेले लोक हा प्रश्न मला सतत विचारतात. सोबत पाठवलेल्या छायाचित्रात दस्ता दिसतो, घोडे दिसतात, कधी चांदीच्या पत्र्यावरची नक्षीही दिसते; पण ज्या जागी खरी माहिती असते ती जागा त्यात क्वचितच असते.

दोन नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या पट्टीवरचे नाव वाचून लोक निष्कर्ष काढतात, पण ते नाव पुष्कळदा बंदूक विकणाऱ्याचे असते. कोलकात्याच्या मँटन आणि रोडा या पेढ्यांची किंवा मुंबईत काळा घोड्याला दुकान असलेल्या आर्मी अँड नेव्हीची नावे असलेल्या बंदुका आपल्याकडे बऱ्याच सापडतात. त्यांतल्या कितीतरी प्रत्यक्षात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत तयार झाल्या आणि त्यांच्यावर नाव मात्र दुकानाचे पडले. याहून फसवा प्रकार बेल्जियमच्या लिएज शहरातून आला. वेस्टली रिचर्ड्स या बर्मिंगहॅमच्या नामांकित घराण्याशी नाव जुळावे म्हणून तिथल्या स्वस्त बंदुकांवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असे कोरून त्या देशोदेशी विकल्या गेल्या.

म्हणून मी नेहमी नळ्यांच्या पोटाकडचे छायाचित्र मागतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून परवानाधारकाने किंवा शस्त्रविक्रेत्याने नळ्या दस्त्यापासून सोडवल्या की, काडतूस बसते त्या भागाच्या खाली, सपाट जागेवर, बारीक शिक्के दिसतात. नळी जास्त दाबाचा बार सोसते की नाही, याची सरकारमान्य परीक्षा झाल्याच्या त्या खुणा असतात. मुकुट आणि त्याखाली बीपी, बीव्ही ही अक्षरे असतील तर परीक्षा बर्मिंगहॅमला, 1904 नंतर झाली. त्याआधीच्या बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात फुलीसारखे दोन राजदंड असतात. ‘नॉट फॉर बॉल’ (म्हणजे अख्ख्या गोळीसाठी नाही) हे शब्द असतील तर बंदूक 1875 ते 1887 या काळातली.

कोकणातल्या एका घरात रानडुकरांपासून पिकाच्या रक्षणासाठी घेतलेली अशीच एक दुनळी मी पाहिली होती. वरच्या पट्टीवर मुंबईच्या दुकानाचे नाव इंग्रजीत होते आणि घरातली सगळी मंडळी तिला ‘विलायती’ म्हणत. नळ्या उलट्या केल्यावर गंजाच्या पापुद्र्याखाली लंबगोलात ईएलजी ही तीन अक्षरे आणि त्यांच्यावर इवलासा मुकुट दिसला. हा लिएजचा शिक्का. त्यातला मुकुट 1893 पासून आला, म्हणजे बंदूक बेल्जियमची आणि त्या वर्षानंतरची. घडवणाऱ्याची आद्याक्षरे लिएजच्या बंदुकांवर कधी कधी कोपऱ्यात मिळतात, त्या बंदुकीवर ती नव्हती. अशा वेळी ‘लिएजचा अनाम कारागीर’ एवढेच प्रामाणिक उत्तर असते आणि मी तेवढेच देतो.

आणखी एक आकडा लोकांना बुचकळ्यात टाकतो. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा क्रमांक) बंदुकीवर कधी 13 असे कोरलेले असते आणि मालकाला वाटते की आपली बंदूक जगावेगळी आहे. तो आकडा परीक्षेच्या वेळी मोजलेल्या नळीच्या आतल्या व्यासाचा असतो; काडतूस बाराचेच लागते.

इंग्लंडच्या मोठ्या घराण्यांच्या बाबतीत मात्र खरोखर माग काढता येतो. चापाच्या कडीच्या मागच्या पट्टीवरचा क्रमांक कळवला तर पर्डी किंवा वेस्टली रिचर्ड्ससारख्या कंपन्या जुन्या वह्यांतून ती बंदूक कधी आणि कुणासाठी बनली, हे शुल्क घेऊन सांगतात. तोच क्रमांक नळ्यांवर आणि नळ्यांखालच्या लाकडी भागावरही असावा लागतो. तो जुळला नाही तर कोणता तरी भाग नंतर बदललेला आहे.

किमतीबद्दल मला परखडपणे सांगावे लागते. इंग्लंडमधल्या लिलावाचे आकडे दाखवून लोक हिशेब मांडतात, पण शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपल्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा भाव इथलाच आणि गिऱ्हाईकही इथलेच, तेही परवाना असलेले. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे वारसाहक्काने आलेली कितीतरी शस्त्रे विक्रीला निघाली आणि घेणारे कमी झाले. या स्थितीत नावापेक्षा नळी महत्त्वाची. आतून गंजाचे खड्डे पडलेल्या, घासून पातळ केलेल्या किंवा पोचा आलेल्या नळीला नामांकित घराण्याचे नावही फारसे तारत नाही.

लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. त्या सुंदर असतात, परंतु त्यांतल्या अनेकींची परीक्षा फक्त जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूवर झालेली आहे, आजच्या काडतुसांतल्या दारूवर नाही. शिवाय जुन्या नळीतले काडतुसाचे घर पुष्कळदा अडीच इंचांचे असते. पावणेतीन इंचांचे आधुनिक काडतूस त्यात सहज बसते, कारण ही लांबी उडाल्यानंतरची असते. उडताना मात्र त्याचे दुमडलेले तोंड पुढच्या अरुंद भागात उघडते आणि दाब धोकादायकरीत्या वाढतो. म्हणून ‘बसते म्हणजे चालते’ हा समज जिवावर बेतू शकतो, हे मी प्रत्येकाला बजावतो.

परवानाधारक आजोबा हयात नसतील तर किंमत विचारण्याआधी ती बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि वारसाने आपल्या नावे परवान्याचा अर्ज करावा. त्या शस्त्रविक्रेत्याकडूनच नळ्यांखालच्या शिक्क्यांचे, तिरप्या उजेडात काढलेले छायाचित्र मिळवून मला पाठवले, तर पुढचे मी सांगेन.