चर्चवर स्खुल्ड नाही

सकाळी साडेसातला फोन वाजला. इकडे नेदरलँड्समध्ये इतक्या सकाळी फोन आला की काहीतरी बिनसलेलं असतं. पलीकडून एक म्हातारा, अगदी शांत आवाज आला, "मेफ्राउ, काल रात्री आमच्या डोमिनेंनी देवाचे आभार मानलेत. ते मानायला हवे होते का, एवढंच विचारायचं होतं." (मेफ्राउ म्हणजे बाई, डोमिने म्हणजे चर्चचे पाद्री.)

फोन फेल्युवेतल्या एका खेड्यातल्या चर्चच्या केर्करेंटमेस्टरांचा होता. इथल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये इमारत, ऑर्गन, छप्पर आणि त्याला लागणारा पैसा बघणाऱ्याचं हे पद. हे गृहस्थ आयुष्यभर बँकेत होते, निवृत्तीनंतर चर्चच्या वह्या सांभाळतात. चर्चच्या छपरावरच्या पाटीच्या दगडाच्या कौलांसाठी त्यांनी इंग्लंडमधल्या एका धर्मादाय ट्रस्टकडून कर्ज घेतलं होतं. कौलं उशिरा आली, काम रखडलं, पहिला हप्ता चुकला. त्यावर ट्रस्टचं लांबलचक पत्र आलं. सभेतल्या म्हाताऱ्या मंडळींना इंग्रजी झेपत नाही, म्हणून डच भाषांतराचं काम माझ्याकडे. एरवी माझं डच माझी एक इथलीच मैत्रीण तपासते. या वेळी सभा दुसऱ्याच दिवशी होती आणि ती सुट्टीवर. मी तसंच पाठवलं.

पत्र विचित्रच होतं. अर्धं वकिलानं लिहिलेलं, अर्धं पाद्र्यानं. सुरुवातीला तारणाऱ्या प्रभूला वंदन आणि चौथ्या कलमात कर्जाची परतफेड, आणि इंग्रजीत दोन्हीकडे शब्द एकच, रिडीम. डचमध्ये कर्ज फेडणं म्हणजे आफ्लॉसन आणि पापातून सोडवणं म्हणजे फरलॉसन. धातू एकच, लॉसन, म्हणजे मोकळं करणं. पुढचा उपसर्ग बदलला की हिशेबाची वही मिटते आणि बायबल उघडतं. 1637 सालच्या डच बायबलमध्ये रूथच्या गोष्टीतला बवाज 'लॉसर' आहे. नात्यातल्या माणसाची जमीन सोडवतो आणि त्याच्या घरातल्या विधवेला आसराही देतो. तिथे अजून वही आणि बायबल वेगळी झालेली नाहीत. आपण कर्ज फेडतो, नवस फेडतो आणि आईबापाचे पांगही फेडतो, त्यामुळे मला हे वाचताना घरी आल्यासारखं वाटलं होतं.

पुढे कॉव्हेनंट, म्हणजे करार. बँकेच्या कागदात डच लोक कॉन्फेनांट म्हणतात, देवाने माणसांशी केला तो फरबॉन्ड. (मराठीत जुना करार, नवा करार आणि भाडेकरार, सगळे करारच.) ट्रस्ट तर मी ट्रस्टच ठेवला. डच कायद्यात ही वस्तूच नाही. त्याच्या जवळ जाणारी स्टिख्टिंग आहे, पण ती स्वतंत्र संस्था असते. म्हणून खाली एक टीप लिहिली.

खरी झोप उडवली होती ती ग्रेस पीरियडने. हप्त्यासाठी सहा महिन्यांची सवलत. संगणकाने सुचवलं, खनाडेटाइट, शब्दशः कृपेचा काळ. कोशाच्या दृष्टीने चूक नाही. पण फेल्युवे म्हणजे इथल्या बायबल पट्ट्याचा, कर्मठ प्रोटेस्टंट भागाचा, गाभा, आणि तिथल्या प्रवचनात खनाडेटाइट म्हणजे मरणापूर्वी पश्चात्ताप करायला देवाने दिलेली मुदत. सभेत कुणीतरी वाचणार की ट्रस्टने चर्चला पश्चात्तापासाठी सहा महिने दिले आहेत! मी तिथे रेस्पाइट घातलं, साधी मुदतवाढ, आणि स्वतःवर खूश होऊन रात्री साडेअकराला पत्र पाठवून दिलं.

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा.

इंग्रजी पत्रात शेवटून दुसरं वाक्य होतं की या विलंबात चर्चचा काही दोष नाही. दोष म्हणजे डचमध्ये स्खुल्ड. मी लिहिलं, "चर्चच्या बाजूला कोणतीही स्खुल्ड नाही." आणि कर्ज म्हणजे डचमध्ये काय? स्खुल्डच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वीस वर्षांत हजार वेळा दोन्ही अर्थांनी लिहिलाय तो शब्द. पण डोळ्यांसमोर इंग्रजी वाक्य होतं, आणि इंग्रजीत दोष आणि कर्ज ही दोन वेगळी घरं आहेत. मी दोषाच्या घरातून निघाले, आणि वाचणारे कर्जाच्या घरात बसले होते.

"एका डीकनने आमेनसुद्धा म्हटलं," केर्करेंटमेस्टर म्हणाले. "मला शंका आली होती. चाळीस वर्षं बँकेत काढली, कर्ज असं शेवटून दुसऱ्या वाक्यात माफ होत नाही. त्याला क्वाइटस्खेल्डिंग म्हणतात आणि ते पहिल्या पानावर असतं. पण डोमिने प्रार्थना करत असताना मधे कसं बोलणार?"

मी माफी मागितली. काय बोलावं सुचेना. नगरला आमच्या मिशनच्या शाळेत रोज प्रार्थना व्हायची. आम्ही मुली अर्थ न समजता घोकायचो, "आमची ऋणे आम्हांस सोड." पुढे इंग्रजीत वाचलं तर चर्चमध्ये बहुतेक जण तिथे अपराध म्हणतात, ऋण नाही. डच प्रार्थनेत मात्र स्खुल्डन. म्हणजे नगरच्या शाळेतलं वाक्य आणि या म्हाताऱ्याचं वाक्य एकच होतं, आणि मधे इंग्रजी आल्याबरोबर मी घसरले. हे मी त्यांना फोनवरच सांगून टाकलं. सांगायला नको होतं बहुधा, गिऱ्हाईक चिडलेलं असताना आपलं बालपण काढू नये.

ते चिडलेले नव्हतेच. म्हणाले, "हायडेलबर्गची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी आहे ना, 1563 ची, तिच्यात तेरावा प्रश्न आहे. ही स्खुल्ड आपण स्वतः फेडू शकतो का? उत्तर, मुळीच नाही, उलट आपण ती रोज वाढवतो. लहानपणी मला वाटायचं हे माझ्या वडिलांच्या गाईंच्या कर्जाबद्दलच आहे."

दुपारपर्यंत दुरुस्त पत्र गेलं. स्खुल्ड काढून तिथे ब्लाम घातलं. चर्चवर ठपका नाही. त्या शब्दाला पैशाचा वास नाही. पाठवण्याआधी बाकी सगळं पत्र मोठ्याने वाचलं, आणि कर्जाची रक्कम पहिल्याच परिच्छेदात आकड्यात परत लिहिली, मूळ पत्रात नसताना. भाषांतरकाराने असं करू नये, पण केलं, आणि तसं कळवलंही.

डोमिनेंचं काय झालं, ते मी विचारलं. पुढच्या सभेत ते कौलांसाठी आभार मानणार होते. कौलं तरी खरीच आली होती.

बिल पाठवताना मी निम्मी सूट दिली. दोन दिवसांनी पूर्ण पैसे जमा झाले आणि सोबत चार ओळी. सूट द्यायची असेल तर दियाकोनीला द्या, गोरगरिबांची पेटी त्यांच्याकडे असते. माझ्याकडे फक्त छपराचं खातं आहे, आणि त्यात दयाधर्म दाखवायला रकाना नाही.